मला फोन करण्याआधी एकदा वायर लावून बघा

"नेट बंद आहे" असा मेसेज आला की मला काम कळतं. कुठेतरी वायर तुटली, नाहीतर डबा गेला. जायचं, जोडायचं, यायचं. पण "दादा, नेट स्लो आहे" असा मेसेज आला की माझी सकाळ गेली. चिपळुणात मी बारा वर्षं हेच काम करतोय. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो, आता फायबर ओढतो. तरी तो "स्लो" शब्द वाचला की अजून पोटात गोळा येतो. त्या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात, आणि त्यातली बरीचशी घरातलीच निघतात. मी शिडी, पॉवर मीटर, स्प्लायसिंगची पेटी घेऊन चढ चढून येतो आणि शेवटी टीव्हीमागचं लोखंडी कपाट तेवढं सरकवून जातो.

म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची: दुखणं डब्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. डबा म्हणजे भिंतीवरचा तो पांढरा ओएनटी, ज्यात बाहेरून बारीक फायबर येतं. कोणी त्याला मोडेम म्हणतं, कोणी राऊटर. बहुतेक घरांत वायफायही त्यातूनच निघतं. मी आपला डबाच म्हणणार.

हे ठरवायला लॅपटॉप आणि एक लॅन केबल पुरते. केबल डब्याच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या पोर्टात घाला, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. ते बंद करायचं बरेच जण विसरतात आणि मग वायर लावून वायफायच मोजत बसतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएनही बंद करा. घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवायला सांगा, हे सगळ्यात अवघड काम. मग स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी सहा-सातला, एकदा रात्री नऊ-दहाला. दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा. आतल्या खोलीत गादीवर लोळत मोबाइलवर घेतलेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट मला पाठवू नका. त्यात मला तुमची भिंत दिसते, आमची लाइन दिसत नाही.

लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर मोबाइल घेऊन डब्यापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि पाच गीगाहर्ट्झवाल्या वायफायवर टेस्ट घ्या. वायरीइतकं पक्कं नाही, पण चालतं.

आकडा वाचताना एक घोळ नेहमी होतो. प्लॅन एमबीपीएसमध्ये असतो, म्हणजे मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो बहुतेक वेळा मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. तेव्हा १०० चा प्लॅन असेल आणि फाइल सेकंदाला बारा मेगाबाइटने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. "शंभरचे पैसे घेता आणि बारा देता" म्हणून मला वाणीआळीत दुकानात उभं करून झापलेलं आहे, भर गिऱ्हाइकांसमोर.

दुसरा आकडा ९४. प्लॅन २०० चा आणि वायरीवर टेस्ट काढली की सकाळ, दुपार, रात्र ९४ च्या आसपास, न हलणारा. असं दिसलं तर लाइनला हात लावायची गरज नाही, केबल बदला. लॅन केबलच्या आत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चार पुरतात, त्यापुढे गीगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली किंवा पिनेवर नीट बसली नाही तर दोन्ही बाजूंची यंत्रं आपसात तडजोड करतात आणि शंभरवर गाडी चालवतात, आणि वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ येतात. काही स्वस्त डब्यांना पोर्टच शंभराचं असतं, तेही बघून घ्या. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगात लिंक स्पीड दिसतो, १०० की १००० ते तिथेच कळतं. खेंडीतल्या एका निवृत्त सरांनी वर्षभर २०० चे पैसे भरून ९४ वापरले. केबल उघडून बघितली तर चारच तारा क्रिम्प केलेल्या, म्हणजे पिनेत दाबून बसवलेल्या. क्रिम्प कोणी केली होती? मीच, फार पूर्वी, घाईत. सरांनी चहा पाजला, पण तो चहा घशाखाली उतरेना.

वायरीवर स्पीड पूर्ण येतोय आणि खोलीत येत नाही, असं निघालं तर दुखणं वायफायचं. आमच्याकडे हेच सगळ्यात जास्त. आमची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. भिंत हातभर जाड. डबा ओटीवर, कारण फायबर तिथून आत आलं. मुलगा अभ्यासाला माळ्यावर, सून कामाला मागच्या खोलीत, आणि मधे दोन भिंती, एक स्लॅब आणि माजघरातलं कपाट. पाच गीगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतीला घाबरतं. दोन पॉइंट चारचं भिंतीतून जातं, पण धीम्या चालीने. साध्या मोबाइलला त्यावर चाळीस-पन्नास मिळाले तर खूप झाले, मग प्लॅन तीनशेचा असला तरी. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी थोडं खाते. पाणी रेडिओलहरी पितं, म्हणून टाकीच्या किंवा फिश टँकच्या मागे डबा ठेवू नका. आरसा आणि लोखंडी कपाट तर त्या परतवूनच लावतात.

डबा कुठे असावा? घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. देवघराच्या फळीवर नाही, शोकेसमध्ये काचेमागे नाही, आणि वर क्रोशाचा रुमाल घालून तर अजिबात नाही. तो तापतो. रुमालाखाली तापलेला डबा तासातासाला लटकलेला मी पाहिलाय, आणि रुमाल काढल्यावर काकूंनी मला "बाळा, धूळ बसते रे" म्हणून परत घातलेलाही पाहिलाय.

मग नाव. डबा बहुतेक वेळा दोन वायफाय देतो आणि दोघांना एकच नाव असतं. मोबाइल त्यातलं कुठलं धरेल याचा नेम नाही. डब्याच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि लॉगिन-पासवर्डही. ब्राउझरमध्ये तो टाकून आत जा आणि दोन्हींना वेगळी नावं द्या. टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर, लांबच्या खोलीतले मोबाइल आणि कॅमेरे दोन पॉइंट चारवर. तिथेच दोन पॉइंट चारचा चॅनल दिसेल. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, त्यांतला जो शेजाऱ्यांनी कमी वापरलाय तो घ्या आणि चॅनलची रुंदी २० वर ठेवा. कोण कुठे बसलंय ते मोबाइलवरच्या वायफाय तपासायच्या फुकट अॅपमध्ये दिसतं. बहादूरशेख नाक्याजवळच्या एका बिल्डिंगमध्ये मी मोजलं, तर सोळा वायफाय दिसली आणि त्यातली दहा सहा नंबरवर. वाडीत एकटं घर असेल तर या चॅनलच्या फंदात पडूच नका, तिथे शेजारी म्हणजे फणस.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू केला की व्हिडिओ अडकतो, हा भास नाही. तोही दोन पॉइंट चारच्याच पट्ट्यात चालतो.

इथवर करूनही मागच्या खोलीत येत नसेल तर लोक रिपीटर आणतात. माझं मत विचाराल तर पंधरा-वीस मीटर लॅन केबल टाका आणि त्या टोकाला एक साधा राऊटर अॅक्सेस पॉइंट करून लावा, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तो तिथे वायफाय करून देतो. रिपीटर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, दोन्ही एकाच हवेत, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो जिथे नेट येत नाही तिथेच लावतात. तिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा. मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच, चांगलं असतं, पण त्यांनाही मागून वायर दिली तरच ते खरं चालतं. चिऱ्याला भोक पाडायला ड्रिल लागतं, पण पाडायचं एकदाच.

आता गणपतीची गोष्ट. मार्कंडीत एक घर आहे. वर्षभर दोन म्हातारी माणसं, ५० चा प्लॅन, तक्रार नाही. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या पुतण्याचा फोन: "काय ओ, तुमचं नेट अगदीच भंगार आहे, माझी मीटिंग तुटतेय." गेलो. घरात चौदा माणसं, एकोणीस मोबाइल. वायरीवर टेस्ट लावली, डाउनलोड ठीक. मग मी पिंग लावून बघितला, म्हणजे हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. ही युक्ती तुम्हीही शिकून घ्या.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत पिंग करायचं तुमच्या डब्याला, त्याच स्टिकरवरच्या पत्त्याला. दुसरीत ८.८.८.८ ला, तो गूगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा, बाहेरच्या जगातला. मागे -t जोडायचं, म्हणजे ते थांबेपर्यंत चालत राहतं. लॅपटॉप या वेळी वायफायवरच असू द्या, नेहमीच्या जागी. डब्याचं उत्तर पाच-सात मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. तेच शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा, बाहेर बघायचं कारण नाही. डबा शांत आहे आणि ८.८.८.८ उड्या मारतोय, तर अडतंय डब्याच्या पुढे. दोन मिनिटांत निकाल.

मार्कंडीत डबा शांत होता. बाहेरचा पिंग मात्र चारशेवर जाऊन बसलेला. कारण आरती. एकोणीस मोबाइलांनी आरतीचे व्हिडिओ काढले होते आणि वायफाय दिसताच सगळे एकदम ढगात फोटो चढवायला लागले होते. अपलोडची नळी भरली. ती भरली की डाउनलोडही अडू शकतं, कारण प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच वरच पाठवावी लागते, आणि ती पोच व्हिडिओंच्या रांगेत मागे उभी राहते. स्पीड टेस्टचा नुसता डाउनलोडचा आकडा बघितला तर हे लपतं. मीटिंगमध्ये लगेच दिसतं.

उपाय फुकट होता. सगळ्यांच्या फोटो बॅकअपला दिवसा विराम. तुमच्याकडे रोजच असं होत असेल तर सीसीटीव्ही बघा. ढगात सतत चित्र पाठवणारे चार कॅमेरे अपलोड चोवीस तास ओढत असतात. त्यांचं चित्र कमी दर्जावर ठेवा किंवा हालचाल झाली तरच पाठवायला सांगा. डब्यात क्यूओएस नावाचा, कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारा भाग असेल तर तिथे अपलोडला मिळणाऱ्या स्पीडच्या थोडी खाली मर्यादा घाला. आकडा कमी दिसेल, पण मीटिंग तुटणार नाही.

प्लॅन वाढवावा का, हे त्या पुतण्याने विचारलं. आमचे मालक तिथे असते तर हो म्हणाले असते. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५. दोन म्हाताऱ्या माणसांना ५० म्हणजे पंक्तीला जेवायला दोघं आणि भात पातेलंभर. मी नको म्हटलं.

फायबरकडे वळतो, कारण तिथे लोक नको तिथे हात घालतात. डब्यावर पॉन नावाची लाइट हिरवी, स्थिर हवी. लॉस नावाची लाल पेटली तर उजेडच येत नाही, तेव्हा थेट फोन करा. मधलं दुखणं लाइटवर दिसत नाही. स्टिकरवरचा पत्ता टाकून उघडणाऱ्या डब्याच्या त्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन या भागात आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाचा आकडा असतो, डीबीएममध्ये, उणे चिन्हासकट. उणे अठरा ते उणे चोवीस असेल तर मी निश्चिंत. उणे सत्तावीस ही बहुतेक डब्यांची ऐकण्याची शेवटची पायरी. उणे असल्यामुळे आकडा मोठा म्हणजे उजेड कमी, आणि दर तीन डीबीला उजेड निम्मा होतो. उणे एकवीसचा उणे चोवीस झाला म्हणजे "तीनच तर वाढले" नव्हे, अर्धा उजेड गेला. कमी उजेडाने नेट हळूहळू मंद होत नाही. ते तुटतं, जोडतं, पुन्हा तुटतं. पाऊस आला की जातं आणि ऊन पडलं की येतं, असं असेल तर जॉइंटमध्ये पाणी शिरलंय. हा माझा धंदा, मला बोलवा.

तुम्ही बघायचं ते एवढंच: घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक पॅचकॉर्ड, म्हणजे डब्यापर्यंतचा फायबरचा तुकडा, कपाटामागे चेपली आहे का, दारात सापडते का, खिळ्याला गुंडाळून काटकोनात वळवली आहे का. काच आहे ती. कपभर गोलाईचं वेटोळं चालतं, घडी चालत नाही. वळणातून उजेड बाहेर सांडतो. टोकं उपसू नका. हिरव्या टोपीचं टोक हिरव्यातच बसतं आणि निळं निळ्यात. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घातलं तर आकडा लगेच पडतो. उपसलंच तर शर्टाला पुसू नका आणि डोळ्यासमोर धरून आत बघू नका. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर आहे.

बाहेर काय होतं ते विचारू नका. खारी कुरतडतात, वानर झोके घेतात, रस्त्याच्या कामाचा जेसीबी एका घासात गटारासकट वायर उचलतो. त्यात तुमचा दोष नाही, माझाही नाही.

अडॅप्टर मात्र विसरू नका. डब्याचा बारा व्होल्टचा चार्जर आतून दमतो, विशेषतः आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा लपाछपी खेळते तेव्हा. लक्षण असं: डबा आपोआप बंद होऊन सुरू होतो, संध्याकाळी जास्त. रोज डबा बंद-चालू करावा लागतोय का? मग तो उपाय नव्हे, तेच दुखणं. तेवढेच व्होल्ट आणि तेवढेच किंवा जास्त अँपिअर असलेला दुसरा लावून बघा. विजा कडाडताना प्लग काढा. फायबरातून वीज येत नाही, प्लगातून येते.

डीएनएस बदला म्हणून व्हिडिओ फिरतात. साइट उघडायला वेळ लागतो आणि उघडल्यावर धावते, असं असेल तर बदला. बाकी वेळी काही फरक पडत नाही.

आता पलीकडची गोष्ट, जी सांगितलेली आमच्या मालकांना आवडणार नाही. वायरीवर सकाळी पूर्ण स्पीड, रात्री नऊला त्याचा पाचवा भाग, लागोपाठ तीन-चार दिवस, आणि आरएक्स पॉवर ठीक: मग दोष आमचा. एका फायबरला स्प्लिटर, म्हणजे उजेड वाटून देणारा तुकडा, लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात आणि ती सगळी मिळून साधारण अडीच गीगाबिट वाटून घेतात. तेवढं सहसा पुरतं. अडतं ते पुढे, जिथे ऑपरेटरने वरून नेट विकत घेतलेलं असतं. जोडण्या वाढल्या आणि खरेदी वाढली नाही की आयपीएलच्या रात्री सगळ्या गावाचं चक्र गोल फिरत बसतं. तुमचा महिन्याचा डेटा संपून स्पीड उतरलाय का, तेही आधी अॅपमध्ये बघा. बऱ्याच "अमर्यादित" प्लॅनांना ३,३०० जीबीची मर्यादा असते.

अशा वेळी माझ्याशी भांडू नका, ज्या कंपनीच्या नावाने बिल येतं तिच्याकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. नंबराशिवाय तक्रार म्हणजे नाक्यावरची गप्पा. ट्राय म्हणजे देशाचं दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. खुद्द ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. कायद्याच्या व्याख्येवर मात्र विसंबू नका. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी तर ५१२ केबीपीएस पुरत होते.

खेंडीतल्या त्या सरांनी मागच्या महिन्यात मेसेज केला, तो असा: "केबल नवी, लिंक १०००. वायरीवर सकाळी ६.३० ला १९६. रात्री ९.३० ला ३१. चार दिवस हेच. डब्याचा पिंग १, बाहेरचा ९० ते २५०. पॉवर उणे २१. घरात आम्ही दोघंच." मी गेलोच नाही त्यांच्याकडे. मेसेज जसाच्या तसा मालकांना पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, यावर शिडी लावून काही होणार नाही.